डोक्यावरचं टिंब

संदर्भ नसलेला एकटा शब्द भाषांतराला आला की पंचाईत होते. काही वर्षांपूर्वी एका मोबाइल ॲपचं मराठीकरण माझ्याकडे होतं. समोर एक लांबलचक तक्ता, डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रकाना माझ्यासाठी रिकामा. हा शब्द कुठल्या पडद्यावर दिसणार, त्याच्या आजूबाजूला काय असणार, तो दाबला की काय होणार, यातलं काहीच कळायला मार्ग नाही. एका ओळीत नुसतं ‘सेव्ह’ होतं. मी ‘जतन करा’ लिहिलं आणि पुढे गेले. तोच शब्द पुढे आणखी सहा ओळींत होता, पण त्या ओळी माझ्यासमोर आल्याच नाहीत. एकदा दिलेलं भाषांतर सारख्या शब्दांना आपोआप लावायची सोय त्या तक्त्यात होती.

ॲप लोकांच्या हातात गेल्यावर पडदे पाहायला मिळाले. फाइलखाली ‘जतन करा’ होतं, ते ठीकच. पण सवलतीच्या चौकटीतही ‘जतन करा’ होतं. बॅटरी उतरत आली की ‘जतन करा’. आणि आतल्या छोट्याशा फुटबॉलच्या खेळात गोलरक्षकानं झेप घेऊन चेंडू थोपवला की मोठ्या अक्षरांत पुन्हा तेच. मी एकेक ओळ सोडवत बसले. सवलतीला आणि बॅटरीला ‘वाचवा’. गोलरक्षकाला ‘अडवला!’. फोन नंबरला ‘नोंदवून ठेवा’. बसायच्या जागेला ‘राखून ठेवा’. सात ओळींत पाच क्रियापदं झाली.

काम दुरुस्त होऊन गेलं, पण प्रश्न मागे राहिला. इंग्रजीला जिथे एक शब्द पुरतो तिथे आपल्याला पाच का लागतात? आणि त्या पाचांपैकी नेमका ‘जतन’ माझ्या बोटांवर सगळ्यात आधी का आला? तेव्हापासून रात्री कोश उघडून बसायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

सुरुवात ‘जतन’पासूनच केली. जतन म्हणजे मुळातला यत्न. संस्कृतातला ‘य’ आपल्याकडे येईपर्यंत ‘ज’ होतो, जसा योग्याचा जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली. आणि रत्नाचं जसं रतन होतं, तसं यत्नाचं जतन. म्हणजे त्या बटणावर मी नकळत ‘यत्न करा’ असंच लिहिलं होतं. हे कळल्यावर त्या शब्दाबद्दलचा माझा आदर वाढला. जतन एका झटक्यात होत नाही. जुनी पोथी जतन करायची तर ती अधूनमधून उघडावी लागते, वारा द्यावा लागतो, कसर लागली का ते पाहावं लागतं, नवं फडकं बांधावं लागतं. ‘जिवापाड जतन केलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कित्येक वर्षांची ये-जा असते. बटण दाबायला मात्र निमिषही लागत नाही, आणि त्यावर चित्र असतं १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीचं, जी आज वापरात कुणाकडेच दिसत नाही. जतन करण्याचं चिन्ह म्हणून जी वस्तू निवडली तीच टिकली नाही, फक्त तिचं चित्र टिकलं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. लहानपणी त्या चौकोनी तबकड्यांवर लिहिलेल्या माझ्या कविता आता कुठल्याही यंत्रावर उघडत नाहीत.

मग ‘सेव्ह’कडे वळले. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘साल्वारे’वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन विशेषण ‘साल्वुस’. अर्थ : धडधाकट, अभंग, जिथल्या तिथे असलेला. रोमन माणूस भेटल्यावर ‘साल्वे’ म्हणायचा, म्हणजे ‘धडधाकट राहा’. आणि साल्वुसच्याही मागे जावं तर ज्या प्राचीन मुळापाशी पोचतो, त्याच मुळातून संस्कृतातला ‘सर्व’ निघाला आहे.

सर्व! रोज शंभरदा तोंडात येणारा शब्द. मला तो ‘सगळे’ या अर्थानं फक्त मोजणीचा वाटायचा. पण त्याचा जुना अर्थ ‘अखंड, काही न गळालेलं’ असा होता. ऋग्वेदात ‘सर्वताति’ असा शब्द आहे, अखंडपणा, पूर्ण कुशल या अर्थाचा. त्याचाच जुळा भाऊ अवेस्तात ‘हौर्वतात्’ म्हणून भेटतो, कारण आपल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत ‘ह’ येतो. झरथुष्ट्राच्या धर्मात हौर्वतात् ही पूर्णतेची देवता आहे आणि इराणी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याचं ‘खोर्दाद’ हे नाव तिच्यावरूनच पडलं. त्याच कुळातला फारसी ‘हर’. आपण हरघडी, हरतऱ्हेचा, हरहुन्नरी म्हणतो तो हाच ‘हर’. म्हणजे ‘सर्व’ घरातला, ‘हर’ इराणहून आलेला, ‘सेव्ह’ युरोपातून आलेला, आणि तिघं एकाच आजीची नातवंडं. तिघंही मराठी बोलणाऱ्याच्या एका वाक्यात सहज मावतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही की हे नात्यातले आहेत.

या घराण्यात एक नाणंही आहे. सम्राट कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याचं ‘सोलिदुस’ पाडलं. एका रोमन पौंडात बरोबर ७२ नाणी. सोलिदुस म्हणजे भरीव, सलग, आणि हे विशेषणही त्याच मुळातलं. त्या नाण्यावरून पगाराला शब्द पडला आणि पगारावरून पगारी लढवय्याला, तो इंग्रजीतला ‘सोल्जर’. वाचवणारा आणि शिपाई असे शब्दांत नातेवाईक निघाले.

तर इंग्रजीच्या मनात वाचवणं म्हणजे वस्तूचा अखंडपणा राखणं. फाइल अखंड राहिली, जीव अखंड राहिला, गोलजाळी अखंड राहिली. म्हणून तिला एक शब्द पुरतो. हे समजल्यावर मला आपल्या ‘काटकसर’ या शब्दाचं नवल वाटलं, कारण तो बरोबर दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्यात ‘काट’ आहे, म्हणजे कापणं. आणि ‘कसर’ अरबी ‘कस्र’वरून, म्हणजे तुटणं, तुकडा, अपूर्णांक. पोथीला लागते ती कसर वेगळी, ही तुटीची. इंग्रजी शब्द अखंडाचा ध्यास धरतो आणि आपला शब्द दोन्ही अंगांनी कात्री चालवतो. मला हा शब्द आवडत नाही, हे सांगून टाकते. काटकसर करणारी माणसं मला फार प्रिय आहेत, त्यांच्यातच मी वाढले, पण त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याला इतका ओरबाडा शब्द मिळायला नको होता. अरबीत हेच काम ‘वफ्फर’ या क्रियापदानं होतं आणि त्याच्या मुळाशी आहे विपुलता. पैसे वाचवले म्हणजे ते विपुल केले. तेच घर, तोच खर्च, पण अरबी शब्द डबा भरताना बघतो आणि आपला शब्द कात्री फिरताना.

स्पॅनिशमध्ये पैसे वाचवण्याला ‘आओर्रार’ म्हणतात. हा शब्द ज्या दिवशी कळला त्या रात्री मी झोपूच शकले नाही. इसवी सन ७११मध्ये मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरलं आणि १४९२मध्ये ग्रानादा पडेपर्यंत त्या भूमीवर अरबी बोलली जात होती. त्या काळात अरबी ‘हुर्र’, म्हणजे मुक्त, हा शब्द स्पॅनिशमध्ये ‘ओर्रो’ होऊन शिरला. ओर्रो म्हणजे गुलामगिरीतून सुटलेला माणूस. त्यावरून क्रियापद झालं ‘आओर्रार’ : गुलामाला मुक्त करणं. पुढे अर्थ सरकत गेला. माणसाला बंधनातून सोडवणं, मग त्रासातून सोडवणं, मग खर्चातून सोडवणं, आणि शेवटी नाणं बाजूला ठेवणं. उर्दूतून आपल्या कानावर पडणारा ‘हुर्रियत’ हा त्याच ‘हुर्र’चा. आज स्पॅनिश बोलणारं लहान मूल खाऊचे पैसे साठवतं तेव्हा त्याच्या तोंडी गुलामाची बेडी तोडल्याचा शब्द असतो आणि त्याला ते ठाऊक नसतं. ज्या बाईनं कधीतरी चार पैसे कुणाला न सांगता बाजूला टाकले आहेत, तिला या शब्दाचा अर्थ कोश न बघता कळेल.

शेजारच्या पोर्तुगिजांचा शब्द अगदी वेगळा. ‘पोपार’. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पाल्पारे’, हळुवार हात फिरवणं, कुरवाळणं. डॉक्टर बोटांनी पोट चाचपून पाहतात त्या तपासणीचं इंग्रजी नाव, ‘पाल्पेशन’, त्यातूनच आलं. कुरवाळणं, मग अलगद वागवणं, मग दुखवू नये असं वागणं, मग जपून वापरणं, मग वाचवणं. एका हाताची हालचाल इतकी दूर चालत गेली. जुन्या साडीच्या घडीवर बायका कपाट बंद करण्याआधी एकदा हात फिरवतात. तो हात म्हणजे पोपार.

जर्मन ‘श्पारेन’ आणि इंग्रजी ‘स्पेअर’ ही जोडी दयेची आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता मारण्यासाठी उगारलेला हात आवरणं, जीवदान देणं. खर्च न करणं हा त्याच हात आवरण्याचा एक प्रकार. आपणही ‘हात राखून खर्च करावा’ म्हणतोच. यातलं ‘राखणं’ संस्कृत ‘रक्ष्’वरून आलं, आणि रक्ष् ज्या मुळातला त्याच मुळातलं ग्रीक ‘अलेक्सेन’, निवारण करणं, ज्यावरून माणसांचा रक्षणकर्ता तो ‘अलेक्झांडर’. पण जर्मन माणूस संगणकावर फाइल ठेवतो तेव्हा मात्र तो श्पारेन म्हणत नाही. त्याचा शब्द आहे ‘श्पायशर्न’, म्हणजे कोठारात भरणं. श्पायशर म्हणजे धान्याचं कोठार, आणि तो शब्द लॅटिन ‘स्पीका’वरून, स्पीका म्हणजे कणीस. कन्या राशीतल्या मुलीच्या हातात कणीस आहे अशी पाश्चात्त्यांची कल्पना, म्हणून तिथल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याचं नाव स्पायका. आपण त्या ताऱ्याला चित्रा म्हणतो. चित्रा नक्षत्राकडे बघताना आता मला हटकून जर्मन संगणक आठवतो.

रशियन शब्दानं मात्र मला थोडं गप्प केलं. फाइल ‘सेव्ह’ करायला तिथे ‘सोख्रानित्’ म्हणतात, जपून ठेवणं. त्याच धातूचं घरगुती रूप ‘खोरोनित्’, आणि त्याचा अर्थ पुरणं, माणसाला मातीत ठेवणं. अंत्यविधीला त्यावरूनच ‘पोखोरोनी’ म्हणतात. जुना अर्थ दोन्हींचा एकच : दडवून सुरक्षित ठेवणं. एक वाट जपण्याकडे गेली, एक मातीकडे. याच भाषेत ‘आभारी आहे’ला जो शब्द आहे, ‘स्पासिबा’, तो ‘देव तुला वाचवो’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा मिळून झालाय. दुकानात सुटे पैसे परत घेताना सुद्धा ते हेच म्हणतात.

चिनी भाषेत ‘त्सुन’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, अस्तित्वात असणं आणि ठेव ठेवणं. पैसे खर्चू नयेत म्हणून जपतो त्याला वेगळा शब्द ‘शंग’, आणि त्याचं चित्राक्षर आज असं लिहितात की वर ‘थोडं’ आणि खाली ‘डोळा’. तेच अक्षर ‘शिंग’ असं वाचलं की अर्थ होतो स्वतःला तपासून पाहणं. कन्फ्यूशियसचा शिष्य त्संगत्सी रोज तीन बाबतींत स्वतःची झडती घेत असे, तिथे हेच अक्षर आहे.

फारसी शब्दाबद्दल सांगायचं राहिलंच, आणि तो मराठी माणसाला फार जवळचा आहे. फारसीत बचतीला ‘पसअंदाज’ म्हणतात. पस म्हणजे मागे. अंदाज हा ‘अंदाख्तन’ या क्रियापदाचा, म्हणजे फेकणं, टाकणं. गोळा टाकणारा गोलंदाज, तीर सोडणारा तिरंदाज, आणि नजर टाकून बांधतो तो अंदाज. तेव्हा बचत म्हणजे मागे टाकलेलं. आपणही ‘चार पैसे बाजूला टाक’ म्हणतो, ‘मागे टाक’ही म्हणतो. मी गोलंदाज हा शब्द लहानपणापासून क्रिकेटच्या बातम्यांत ऐकत आले, आणि त्याच्या पोटात बचतीचा अर्धा शब्द होता.

एवढं फिरून झाल्यावर घरी आले. घरी म्हणजे ‘वाचणे’पाशी.

माझ्याकडे एक कार्ड आहे. आजोबांनी त्यांच्या थोरल्या भावाला १९५४मध्ये पाठवलेलं. चुलत घरातली जुनी ट्रंक रिकामी करताना ते सापडलं आणि फिरत फिरत माझ्याकडे आलं. बाबा तेव्हा चार वर्षांचे होते आणि त्यांना विषमज्वर झाला होता. कार्डावर वरच्या बाजूला नेहमीचा मजकूर, साष्टांग नमस्कार, वगैरे. मग एक ओळ मोकळी सोडलेली. मग : ‘एकविसावे दिवशीं ताप उतरला. पोर वांचलें.’ त्यातल्या ‘वां’वरचं टिंब टाकानं इतकं दाबून दिलंय की शाई पसरून ते वाटाण्याएवढं झालं आहे आणि कार्डाच्या मागच्या बाजूलाही उमटलंय.

ते टिंब आज आपण देत नाही. मराठी साहित्य महामंडळानं केलेले शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२मध्ये लागू झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. लिहिणाऱ्या लाखो मुलांची त्यातून सुटका झाली, आणि नियम योग्यच होता असं मला वाटतं. पण त्या झाडणीत एक गोष्ट झाली. त्याआधी मराठीत कागदावर दोन क्रियापदं होती : पुस्तक ‘वाचणें’ आणि संकटातून ‘वांचणें’. दोन्ही निरनिराळ्या घरांतली. पुस्तक वाचणं हे ‘वच्’ म्हणजे बोलणं यावरून; संस्कृतात ‘वाचयति’ म्हणजे बोलायला लावतो. लिहिलेल्याला बोलतं करणं म्हणजे वाचणं. आणि जीव वांचणं याचा माग ‘वञ्च्’ धातूपर्यंत जातो. टिंब हा त्या ‘ञ’चा उरलेला ठसा होता. तो पुसला गेला आणि दोन क्रियापदं एकमेकांत मिसळली. आता ‘पुस्तक वाचलं’ म्हटलं तर ते कुणी वाचून संपवलं की ते आगीतून वाचलं, हे पुढचं वाक्य आल्याशिवाय कळत नाही. ‘वाचाल तर वाचाल’ हे वाक्य आपण सगळ्यांनी भिंतीवर पाहिलेलं आहे. जुन्या लेखनात ते ‘वाचाल तर वांचाल’ झालं असतं आणि डोळ्याला ती गंमत अर्धीच दिसली असती.

बंगालीत ते टिंब अजून शाबूत आहे, चंद्रबिंदूच्या रूपात, आणि उच्चारातही. तिथे ‘बाँचा’ म्हणजे जगणं. आपण ‘वाचलो’ म्हणतो ते फक्त संकट टळल्यावर, बंगाली माणूस तेच क्रियापद साध्या रोजच्या जगण्याला वापरतो. गुजरातीनं उलटंच केलं, पुस्तक वाचण्यालाच अनुस्वार दिला. टिंब या घरातून उठून त्या घरात जाऊन बसलं. आणि हिंदीत ‘व’चा ‘ब’ होतो, वर्षेची बरखा, वनाचं बन, तसा वांचण्याचा ‘बचना’ झाला. त्यावरची ‘बचत’ आपण हिंदीकडून घेतली. म्हणजे बँकेच्या पुस्तकावरचा ‘बचत खाते’ हा शब्द म्हणजे आपल्याच ‘वांचणे’चा परगावी वाढलेला भाऊ.

पण ‘वञ्च्’चा मूळ अर्थ काय? वाकडंतिकडं जाणं, लपतछपत जाणं, हुलकावणी देणं. रुद्रात ‘नमो वञ्चते परिवञ्चते’ असं येतं, तिथे हाच धातू आहे. लपूनछपून वावरणाऱ्या, फसवणाऱ्या रूपातल्या रुद्राला केलेला नमस्कार. त्याच धातूचं प्रयोजक रूप चुकवणं, निसटणं आणि फसवणं अशा सगळ्या अर्थांनी वापरलं जाई. त्यावरून वंचना, त्यावरून वंचित. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी कार्ड पुन्हा हातात घेतलं. वांचलेला म्हणजे ज्यानं मृत्यूला हुलकावणी दिली. वंचित म्हणजे ज्याला हुलकावणी मिळाली. दोन शब्द एकाच धातूचे, आणि त्या वर्षी विषमज्वर झालेल्या मुलांमध्ये दोन्ही प्रकारची मुलं असणार.

आता व्याकरणातली गोष्ट, जी मला तक्ता भरताना दिसली नव्हती आणि दिसायला हवी होती. इंग्रजी ‘सेव्ह’ला वाचवणारा लागतो. कुणीतरी कुणाला तरी सेव्ह करतं. मराठीत मूळ क्रियापद ‘वाचणे’, आणि ते अकर्मक आहे. पोर वाचलं. पैसे वाचले. वेळ वाचला. वाक्याचा कर्ता तो, जो वाचला. वाचवणाऱ्याची जागाच नाही. ती हवी असेल तर क्रियापदाला मागून ‘व’ जोडून ‘वाचवणे’ असं प्रयोजक रूप घडवावं लागतं. ‘साचणे’ही तसंच. थेंबे थेंबे तळे साचे, यात तळं कुणी भरत नाही, तळं साचतं. आजोबांनी एकवीस रात्री जागून काढल्या असतील, डॉक्टरांचे पाय धरले असतील, पण कार्डावर त्यांनी ‘पोराला वांचविलें’ असं लिहिलं नाही. वाचलं ते पोर. कर्तेपण त्याच्याकडे.

कन्नडचीही नेमकी हीच चाल आहे. ‘उळि’ म्हणजे उरणं, शिल्लक राहणं, जिवंत राहणं. त्यावरून ‘उळिसु’ म्हणजे वाचवणं, उरवणं. आणि बचतीला ‘उळिताय’. कन्नड भाषांतरकाराला माझ्यासारखी अडचण फारशी येत नसावी, कारण जीव, पैसा आणि फाइल, तिघांनाही उळिसु चालतं. तमिळनं दुसरीच वाट धरली. तिथे साठवणं म्हणजे ‘सेमि’, आणि ते संस्कृत ‘क्षेम’वरून. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असं गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. त्यावर भाष्यकार सांगतात की योग म्हणजे जे मिळालं नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे जे मिळालं ते राखणं. आपण क्षेम पत्राच्या सुरुवातीला विचारण्यापुरतं ठेवलं, तमिळनं ते बँकेत नेलं.

या सगळ्या शोधात एक गोष्ट अशी सापडली की मी ती ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले. मराठीत ‘तुझ्यावाचून’ म्हणतो, ‘पाण्यावाचून’ म्हणतो. हे ‘वाचून’ कुठलं? जुन्या पुस्तकांत ते ‘वांचून’ असं टिंब देऊन लिहिलेलं असतं, कारण ते त्याच ‘वांचणे’चं. वगळून, सोडून, त्यावरून ‘शिवाय’. आणि इंग्रजीत? ‘ऑल सेव्ह वन’, एकावाचून सगळे. तिथेही ‘सेव्ह’ हाच शब्द ‘शिवाय’ या अर्थानं येतो. फ्रेंचमध्ये ‘सोफ’, स्पॅनिशमध्ये ‘साल्वो’, ते सुद्धा साल्वुसचेच आणि अर्थ तोच. मराठीचा धातू वेगळा, लॅटिनचा वेगळा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, मूळ अर्थही एकाचा हुलकावणी आणि दुसऱ्याचा अखंडपणा. तरी दोघंही चालत चालत एकाच जागी येऊन थांबले. मोजणीतून जो वगळला गेला तो वाचला. पण ‘तुझ्यावाचून करमत नाही’ म्हणताना तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसते : तू माझ्या मोजणीतून सुटलास आणि म्हणून इथे काही खरं नाही. बाबा गेले तेव्हा आईच्या तोंडी हेच एक वाक्य राहिलं होतं, आणि तेव्हा मला त्यातलं क्रियापद ऐकू आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी ते कार्ड स्कॅन केलं. शाई फिकट होत चालली आहे, आता थांबून चालणार नव्हतं. काचेवर पालथं ठेवलं, उजेडाची पट्टी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, आणि पडद्यावर ते मोठं होऊन आलं. टाकाची प्रत्येक रेघ दिसत होती. टिंब जवळून पाहिलं तर ते एकदा दिलेलं नव्हतंच. आधी एक बारीक, आणि त्यावर पुन्हा टाक टेकवून दुसरं.

चित्राखाली टीप लिहायची चौकट होती. मी तारीख लिहिली, कार्ड कुणी कुणाला लिहिलं ते लिहिलं, आणि शेवटी ‘पोर वांचलें’ असं दोन्ही टिंबं देऊन टाइप केलं. दुसऱ्या शब्दाखाली लगेच लाल रेघ आली. त्यावर बोट ठेवलं तर यंत्रानं ‘वाचले’ सुचवलं. मी ती रेघ तशीच राहू दिली आणि ‘जतन करा’ दाबलं.